१९२७ची ऑस्टिन सेव्हन आणि आजची हॅचबॅक: तुलनेच्या नोंदी

६ जानेवारी

गाड्या ठरल्या. एक काकांची १९२७ची ऑस्टिन सेव्हन, कापडी टपाची. दुसरी आमच्या घरची पेट्रोल हॅचबॅक: पाच दारं, चार सिलिंडर, १,१९७ सीसी, रोजच्या धावपळीतली. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, तेवढंच वजन घेऊन आणि एकाच ड्रायव्हरच्या हातात चालवायच्या, आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं. चालवणार मी. सेव्हनची सगळी जबाबदारी काकांची. आकडे टिपायचं काम भाच्याकडे.

हे करावंसं वाटलं, कारण जुन्या-नव्या गाड्यांची गोष्ट निघाली की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. कुणी म्हणतं, "तेव्हाचं लोखंड ते लोखंड, आता नुसता पत्रा." कुणी म्हणतं, जुनी गाडी लग्नाच्या वरातीपुरती. दोघांनीही मोजमाप केलेलं नसतं.

व्हिंटेज गाडी म्हटलं की बहुतेकांना फोर्डची मॉडेल टी आठवते. पण तिच्याशी तुलना करणं अवघड आहे. तिथे डावा पेडल गिअरचा, मधला रिव्हर्सचा, उजवा ब्रेकचा, आणि अ‍ॅक्सिलरेटर स्टेअरिंगखाली हाताने ओढायचा. आजच्या ड्रायव्हरला ती मुळापासून शिकावी लागते. सेव्हनमध्ये क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आजच्याच क्रमाने आहेत. शिवाय ती पहिल्यापासून छोटी गाडी म्हणूनच आखलेली. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला हाताशी धरून तिचा आराखडा केला, १९२२ साली ती बाजारात आली आणि १९३९पर्यंत जवळपास २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. मोटरसायकलला साइडकार लावून फिरणाऱ्या कुटुंबाला चार चाकं आणि डोक्यावर टप मिळावा, एवढाच हेतू. आज हॅचबॅक घेणाऱ्या घराचं म्हणणं तरी याहून वेगळं कुठे असतं? म्हणून ही जोडी मला योग्य वाटली.

९ जानेवारी

टेप घेऊन मापं.

सेव्हनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सहा फूट तीन इंच, म्हणजे १,९०५ मिलिमीटर. डाव्या-उजव्या चाकांमधलं ४० इंच. अख्खी लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास. काट्यावर चढवली तर चारशे किलोला जेमतेम टेकली. हॅचबॅक लांबीला ३.८४ मीटर, रुंदीला १.७३ आणि वजनाला नऊशे किलोच्या घरात.

मग दोन्हींत आळीपाळीने बसून पाहिलं. सेव्हनमध्ये काका आणि मी शेजारी बसलो की खांद्याला खांदा लागतो आणि माझा उजवा कोपर दाराबाहेर जातो. मागच्या जागेत लहान मुलंच मावतील. हॅचबॅक दीड मीटरनेही लांब नाही, पण तिच्यात पाच मोठी माणसं आणि वर सामान. ही जागा नुसत्या वाढीव लांबीतून आलेली नाही. सेव्हनचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे माणसांच्या पायांमधून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट. गाडीचा निम्मा भाग यंत्रानेच अडवलेला.

ही अडचण सुटली १९५९ साली, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेल्या मिनी या छोट्या गाडीत. त्यांनी इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली घातला आणि ताकद पुढच्याच चाकांना दिली. तीन मीटर लांबीत चार माणसं नीट बसली. ऑस्टिनच्या विक्रेत्यांकडे ही गाडी सुरुवातीला 'ऑस्टिन सेव्हन' याच नावाने विकली गेली. जुन्या सेव्हनची पुण्याई एवढी होती. पुढे इटलीत दान्ते जाकोसा यांनी इंजिन आडवंच ठेवून गिअरबॉक्स त्याच्या टोकाला जोडला: १९६४ची आउटोबियांकी प्रिमुला, मग १९६९ची फियाट १२८. आमच्या हॅचबॅकचं बोनेट उघडलं की तीच मांडणी दिसते. भाच्याला वाटत होतं, मोटारगाडी पहिल्यापासून अशीच असते. दोन्ही बोनेटं शेजारी-शेजारी उघडून दाखवल्यावर तो बराच वेळ वाकून पाहत होता.

१४ जानेवारी

इंजिन. सेव्हन ७४७ सीसी, १०.५ अश्वशक्ती, तीही मिनिटाला २,४०० फेऱ्यांना. हॅचबॅक ९० अश्वशक्ती. म्हणजे दर लिटरमागे १४ विरुद्ध ७५. पाचपट.

मला जास्त रस सिलिंडरच्या आकारात होता. सेव्हनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७६. हॅचबॅकचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ७१.५. जुनं सिलिंडर उंच आणि बारीक, नवं जवळजवळ चौकोनी. याचं एक मोठं कारण कर आहे. ब्रिटनमध्ये १९२१पासून गाडीवरचा वार्षिक कर अश्वशक्तीवर होता, अश्वशक्तीमागे एक पौंड. पण ही अश्वशक्ती मोजून काढत नसत, सूत्राने काढत: बोअरचा इंचांतला वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले २.५. स्ट्रोकचा या सूत्रात पत्ताच नाही. मग आखणाऱ्यांनी बोअर बारीक केला आणि स्ट्रोक लांबवला. सेव्हनचा २.२ इंच बोअर घालून पाहिलं तर ७.७४ येतं, आणि 'सेव्हन' हे नावही त्या करातल्या आकड्याशीच जोडलेलं. लांब स्ट्रोकमुळे पिस्टनला प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे इंजिन वेगात फिरवता येत नाही. पण खालच्या फेऱ्यांवर ते नेटाने ओढतं. तिसऱ्या गिअरमध्ये, माणूस धावेल एवढ्या वेगावरून, सेव्हन न धडधडता उचलते. आमची हॅचबॅक तिथे खालचा गिअर मागते.

क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, आधार फक्त दोन टोकांना. मधे बेअरिंग नाही (ते १९३६ साली आलं). इंजिन ताणलं की क्रँक मधे लवतो आणि ते लवणं बुटाच्या तळव्याला कळतं. काका फेऱ्या मोजायला काटा वापरत नाहीत, पायाला झिणझिण्या आल्या की गिअर बदलतात.

१५ जानेवारी

कालचंच पुढे: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते. सेव्हनचं पाचाच्या आसपास, हॅचबॅकचं अकरा. कागदावरच्या आदर्श इंजिनाचं गणित केलं तर पाचाला पेट्रोलमधली ४७ टक्के ऊर्जा कामाला लावता येते आणि अकराला ६१ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या यापासून पुष्कळ लांब असतात, पण तफावतीची दिशा हीच.

मग १९२७ साली अकरा का नाही ठेवलं? पेट्रोलमुळे. तेव्हाचं पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगी पडायच्या आधीच किंवा भलत्याच जागी पेट घ्यायचं आणि इंजिन ठोकायचं. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना शिशाचं संयुग मिसळून हे ठोकणं थांबवता येतं असं आढळलं. इंजिनं जोरात धावू लागली आणि शिसं हवेत जाऊ लागलं, पुढची पन्नासहून अधिक वर्षं. शिशाशिवाय चांगलं पेट्रोल गाळता येणं आणि धुरातले घातक वायू कमी करणारा, पण शिशाने निकामी होणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाड्यांना लागणं, या दोन गोष्टींनी ते बंद झालं. नव्या गाडीची फुशारकी सांगताना तिच्या टाकीतल्या पेट्रोललाही श्रेय द्यायला हवं.

२१ जानेवारी

थंड सकाळी चालू करून पाहणं. हॅचबॅकबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बटण दाबलं, चालू झाली.

सेव्हनचं सगळं क्रमाने लिहून ठेवते. बोनेट उघडून पेट्रोलचा कॉक सोडला. टाकी इंजिनाच्या मागेच, वरच्या बाजूला असते. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, पंप नाही. काकांनी टाकीत काठी बुडवून किती आहे ते पाहिलं. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चोक ओढलेला, आणि ठिणगी कधी पडावी ते ठरवणारा दांडा पूर्ण मागे. हा दांडा मागे ठेवण्यात मनगटाचं रक्षण आहे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल हाताला झटका देतं. काकांनी मला हँडल धरायला शिकवलं: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला, मुठीत गुंडाळायचा नाही. झटका आला तर हँडल निसटून जातं, अंगठा मोडत नाही. आणि दाबायचं नाही, खालून वर ओढायचं. सेल्फ आहे गाडीला, पण थंडीत सहा व्होल्टच्या बॅटरीवर भार नको म्हणून काका हँडलच मारतात. ठिणगी मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनासोबत फिरून स्वतःच वीज करणाऱ्या यंत्राची, त्यामुळे बॅटरी पार उतरलेली असली तरी गाडी चालू होऊ शकते. आमच्या गाडीला ते शक्य नाही.

इंजिनाने पकडलं. डॅशबोर्डवरचं ऑइलचं बटण हळूच बाहेर आलं. हाच ऑइल प्रेशरचा दिवा, मीटर, सगळं. काकांनी दांडा पुढे केला आणि आवाज लगेच गोळीबंद झाला.

नंतर भाच्याने हॅचबॅकला स्कॅनर लावला आणि इग्निशन अ‍ॅडव्हान्सचा, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते त्याचा, रकाना उघडला. उभ्या गाडीत आकडा सेकंदाला दोन-तीन अंशांनी वरखाली होत होता. पेडल जरासं दाबलं की तिशीकडे पळायचा, सोडला की खाली. काका चष्मा सारून बघत राहिले. "हेच मी करतो ना रे?" त्यांनी विचारलं. "हेच, काका. फक्त गाडी प्रत्येक ठिणगीला करते." शेजारचा रकाना पेट्रोलच्या दुरुस्तीचा. एक्झॉस्टमधला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि पेट्रोल किंचित वाढवायचं की घटवायचं ते सतत ठरत राहतं. सेव्हनच्या कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे ठरावीक मापाचं भोक. हवा गरम असो की थंड, गाडी घाटावर असो की सपाटीवर, भोक तेवढंच.

२८ जानेवारी

गिअर. सेव्हनला तीन, आणि सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. (सिंक्रोमेश १९२८ साली कॅडिलॅकने आणलं.) तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच, आता दुसरा. रेस नेमकी बसली तर गिअर आवाज न करता आत जातो. क्लचच्या पेडलचा खेळ अगदी थोडा, बोटभरसुद्धा नाही. टाच जमिनीला टेकवून फक्त चवडा उचलायचा. हे हळूहळू जमू लागलं आणि खरं सांगते, फार आवडलं. हॅचबॅकमध्ये मी गिअर कधी बदलते हे मला आठवतही नाही.

४ फेब्रुवारी

ब्रेकची तयारी. सबंध दिवस यातच गेला.

१९२७च्या सेव्हनला चारही चाकांना ब्रेक आहेत. तिच्या बरोबरीच्या कितीतरी गाड्यांना तेव्हा फक्त मागे असत. पण इथे एक मेख आहे. पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि हाताचा फक्त पुढच्यांना. दोन्ही एकत्र जोडले ते १९३० साली. म्हणजे नीट थांबायचं तर पाय आणि हात दोन्ही एकाच वेळी लावायचे आणि स्टेअरिंग एका हाताने सांभाळायचं.

ब्रेक तारेवरचे. ऑइलच्या ब्रेकमध्ये डाव्या-उजव्या चाकावर दाब आपोआप सारखा पडतो. तारेत तो हाताने सारखा करावा लागतो. पुढचा एक्सल जॅकवर घेतला. काकांनी हँडब्रेक एक दात ओढला, मी एक चाक फिरवलं, भाच्याने दुसरं. डावं मोकळं फिरलं, उजवं घासत होतं. उजव्या बाजूचा नट अर्धा फेरा सैल केला. पुन्हा एक दात. आता दोन्ही हलकेच घासली. दुसरा दात: डावं आधी अडलं. त्याला पाव फेरा. तिसऱ्या दाताला दोन्ही चाकं सारख्याच जोराने अडेपर्यंत हेच चाललं. मधेच काकांनी पाना खाली ठेवून दोन्ही तारांवरून बोट फिरवलं. एका तारेचा एक धागा तुटून वर आला होता. ती तार बदलली आणि पहिल्यापासून सगळं परत केलं.

पुढचे ब्रेक एका बाजूला जास्त लागले तर काय होतं ते काकांनी शब्दांत सांगितलं, करून दाखवलं नाही. एक्सल आडव्या पाट्याला मधोमध लटकलेला आहे. एक चाक आधी अडलं की एक्सल त्या बाजूला मागे खेचला जातो आणि स्टेअरिंग हातातून सुटायला बघतं.

५ फेब्रुवारी

बंद आवारातल्या लांब, कोरड्या, सपाट काँक्रीटच्या पट्टीवर ब्रेकची चाचणी. वेग ४० किलोमीटर. प्रत्येक गाडीत दोघं.

सेव्हन, फक्त पायाचा ब्रेक: तीस मीटर, आणि शेवटी मागची चाकं घसरली. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यामुळे मागच्या ब्रेकला कितीही जोर लावला तरी रस्त्याची पकडच उरत नाही. सेव्हन, पाय आणि हात दोन्ही: सोळा मीटर. गाडी सरळ राहिली, कालच्या कामाचं चीज झालं. हॅचबॅक: सात मीटर. मी पेडल पूर्ण दाबला आणि दाबून ठेवला, बाकी सगळं एबीएसने, म्हणजे चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेने, पाहिलं.

हॅचबॅकचं वजन माणसांसकट एक टनाच्या वर, सेव्हनचं साडेपाचशे किलो. म्हणजे त्याच वेगाला नव्या गाडीच्या अंगात जवळपास दुप्पट ऊर्जा, आणि ती अर्ध्याहून कमी अंतरात मुरते. इंजिनातला पाचपट फरक मला अपेक्षित होता. इथे मात्र पोटात गोळा आला. सात मीटर आणि सोळा मीटर यांच्या मधे माणूस उभा असू शकतो. फक्त पाय वापरला तर सात आणि तीसच्या मधे.

यात टायरचा वाटा मोठा. सेव्हनचे टायर मोटरसायकलच्या टायरइतके अरुंद, हॅचबॅकचे १८५ मिलिमीटर रुंद. उरलेला वाटा डिस्कचा, ऑइलच्या दाबाचा आणि एबीएसचा. बॉशने बनवलेलं हे एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आधी आलं. तिथून छोट्या गाडीपर्यंत उतरायला वर्षं लागली. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत छोट्या गाडीत झालेली सगळ्यात मोठी सुधारणा ती उतरंड आहे. टचस्क्रीनवर जाहिराती निघतात, या सात मीटरवर निघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

ओल्या रस्त्यावर सेव्हनची चाचणी करायची नाही, असं ठरलं.

११ फेब्रुवारी

थंड ठेवण्याची व्यवस्था, थोडक्यात. सेव्हनला पाण्याचा पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, रेडिएटरमध्ये निवून खाली येतं, आपोआप फिरत राहतं. बिघडायला काहीच नाही, म्हणून मला ही रचना फार सुंदर वाटते. पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फिरणंच थांबतं. हॅचबॅकची व्यवस्था बंद आणि दाबाखाली, म्हणून तिथलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. वर थर्मोस्टॅट आणि विजेचा पंखा. उन्हात, गर्दीत, एसी लावून तासभर उभी राहिली तरी काटा जागचा हलत नाही.

१८ फेब्रुवारी

पेट्रोल. दोन्ही गाड्यांनी तोच रस्ता, दोघं बसलेले, वेग पन्नासच्या आसपास धरून ठेवलेला. टाकी काठोकाठ भरून निघायचं आणि परत आल्यावर तेवढीच भरायची. सेव्हनने लिटरला १६ दिले, हॅचबॅकने २४.

हे आकडे बघून भाचा हिरमुसला. "शंभर वर्षांत फक्त दीडपट?" मीही आधी तसंच म्हणाले असते. पण किती वजन किती लांब नेलं ते धरून हिशेब मांडला की चित्र बदलतं. एका लिटरात सेव्हनने साडेपाचशे किलो १६ किलोमीटर नेले. हॅचबॅकने साधारण १,०५० किलो २४ किलोमीटर नेले. वजन गुणिले अंतर केलं तर ८.८ टन-किलोमीटर विरुद्ध २५. जवळजवळ तिप्पट. इंजिन, टायर आणि बॉडीच्या आकारात झालेली सुधारणा खरोखर एवढी आहे. तिच्यातली निम्मी अ‍ॅव्हरेजच्या रूपाने आपल्या हाती आली. उरलेली निम्मी वाढलेलं वजन ओढण्यात गेली.

ते वाढलेलं वजन कुठे आहे, हाच खरा प्रश्न. पुढच्या नोंदीत तेच बघायचं.

२५ फेब्रुवारी

बॉडी. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून आम्ही एकेक जागा बघत गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारत होते: इथे टक्कर बसली तर काय होईल?

सेव्हनची चासी इंग्रजी ए अक्षरासारखी, पुढे निमुळती. तिच्यावर हलकी बॉडी. पुढून धडक बसली तर ऊर्जा पिणारं काहीच मधे नाही. स्टेअरिंगचा दांडा सरळ, अखंड लोखंडी, एक टोक पुढच्या एक्सलजवळ आणि दुसरं माझ्या छातीसमोर. पेट्रोलची टाकी पायांच्या वर. पट्टे नाहीत. पुढची काच मूळची साधी होती, काकांनी ती लॅमिनेटेड करून घेतली. दारावर बोटाने टिचकी मारली तर आवाज पातळ येतो.

हॅचबॅकमध्ये बोनेटखालचे दोन्ही बाजूंचे खोके मुद्दाम चुरगळण्यासाठी केलेले. माणसं बसतात तो पिंजरा मात्र जाड पोलादाचा. पुढचं चुरगळावं आणि मधलं टिकावं, ही कल्पना मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांची, त्यांचं पेटंट १९५१चं. तीन ठिकाणी बांधलेला पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा, १९५९चा, आणि व्होल्वोने ते पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. दारांत आडवे दांडे. स्टेअरिंगचा दांडा दबून आत जाणारा. एअरबॅग. टाकी मागच्या सीटखाली, चेपली जाणार नाही अशा जागी. वाढलेल्या पाचशे किलोंपैकी एसी, काचा, सीट आणि आवाज रोखणारं कापड यांचाही वाटा आहेच. पण माणसाभोवतीचं हे पोलाद वगळून ते वजन समजून घेता येणार नाही.

"जुनं लोखंड भक्कम" म्हणणाऱ्यांसाठी एक चाचणी इथे लिहून ठेवते. २००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने १९५९ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ची शेव्हर्ले मालिबू समोरासमोर धडकवल्या, अर्धा चेहरा अर्ध्या चेहऱ्याला लागेल अशा. बेल एअर चांगली लांबरुंद, जाड पत्र्याची. तिचा पुढचा खांब कोलमडला, स्टेअरिंग आत घुसलं, आणि तिच्यातला माणूस वाचला नसता असा बाहुल्यावरच्या मापांचा अर्थ निघाला. मालिबूच्या ड्रायव्हरला पायाला किरकोळ दुखापत झाली असती. पत्रा जाड असणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माझं मत पक्कं झालं. या शंभर वर्षांतल्या सुधारणेतला मोठा हिस्सा ड्रायव्हरला कधी दिसतच नाही. तो वेगातही नाही आणि अ‍ॅव्हरेजमध्येही अर्धाच उतरतो. टक्कर होईपर्यंत तो गुपचूप वजन म्हणून गाडीसोबत फिरतो. मला तो खर्च योग्य वाटतो. काकांनाही वाटतो. त्यांची नातवंडं सेव्हनमध्ये बसतात ती फक्त आवारात.

३ मार्च

देखभाल. सेव्हनला दर काहीशे किलोमीटरला ग्रीसिंग: किंगपिन, पाट्यांच्या पिना, स्टेअरिंगचे सांधे. टॅपेट फिलर गेजने चार थाऊवर, म्हणजे इंचाच्या चार हजारांशांवर. ठरावीक काळाने हेड उघडून कार्बन खरवडायचा. एअर फिल्टर नाही, ऑइल फिल्टर म्हणून फक्त जाळी, त्यामुळे धूळ थेट आत. हॅचबॅकला दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग, आणि नीट वापरली तर लाख-दोन लाख किलोमीटर हेडला हात लागत नाही.

पण एका गोष्टीत मी सेव्हनच्या बाजूची आहे. तिच्यातलं काहीही उघडून पाहता येतं, कळतं आणि दुरुस्त होतं. तिच्यावर जीव टाकणाऱ्यांमुळे आजही तिचे क्रँकशाफ्टसुद्धा नवे घडवून मिळतात. हॅचबॅकच्या कंट्रोल युनिटमधली चिप गेली तर अख्खं युनिटच बदलायचं. आणि ते युनिट बनायचं बंद झाल्यावर? शंभराव्या वर्षी सेव्हन चालू होईल याची मला खात्री आहे. हॅचबॅकबद्दल ती देता येत नाही. सुरक्षित गाडी आणि दुरुस्त करता येणारी गाडी यांत मुळात वैर असायचं कारण नाही. एअरबॅगला चिप लागते हे मान्य, पण त्या चिपचं कुलूप फक्त कंपनीनेच उघडावं, हे कशासाठी?

१० मार्च

चाचण्या संपल्या. त्यांतून सेव्हनमध्ये प्रत्यक्ष काय बदलायचं यावर आज काकांशी बोलणं झालं. पट्टे बसवावेत असं भाच्याचं म्हणणं होतं. काकांनी सीटखालची लाकडी फळी आणि पातळ पत्रा दाखवला. पट्टा ज्याला बांधायचा तेच उखडलं तर पट्ट्याचा उपयोग नाही, आणि चासीपर्यंत नेऊन बांधायचा तर सीटच माणसावर येईल. तो विचार सोडला.

मागचा दिवा मात्र बदलण्यासारखा. मूळचा एकच, मिणमिणता, आणि ब्रेक लागला हे मागच्या गाडीला कळायची काही सोय नाही. सहा व्होल्टचा एलईडी ब्रेक लाइट नंबर प्लेटच्या वर, मूळ बॉडीला भोक न पाडता क्लॅम्पने बसवायचं ठरलं.

१७ मार्च

दिवा बसवला. स्विच एक पुरला नसता. या गाडीत पायाने फक्त मागचे ब्रेक लागतात आणि हाताने पुढचे, त्यामुळे एक स्विच पेडलच्या दांड्यावर आणि एक हँडब्रेकच्या तारेवर, दोन्ही समांतर जोडले. कोणताही एक लागला तरी दिवा पेटतो. उभं राहताना हँडब्रेक ओढलेलाच असतो, तेव्हा दिव्याने बॅटरी खाऊ नये म्हणून मधे एक वेगळा बंद-चालू स्विच घातला.

काका गाडीत बसले, भाचा मागे उभा राहिला. पाय: पेटला. हात: पेटला. दोन्ही: पेटला. उन्हात वीस पावलांवरून स्पष्ट दिसतो. स्विचच्या वायरीला एक्झॉस्टची आच लागते आहे, तिला पुढच्या आठवड्यात काचतंतूची नळी घालायची.